एसीच्या भोकाला दोन बोटं माया

टेलरबाई फोनवर एक वाक्य जास्त बोलल्या नसत्या, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

फोन विहीणबाईंचा होता. लेकीचे दिवस भरत आले होते, डॉक्टरांनी तिला प्रवासाला साफ नाही म्हटलं होतं, तेव्हा आईनं तिच्याकडे जायचं हे ठरलेलंच होतं. प्रश्न एवढाच होता की आईनं झोपायचं कुठं.

"मग तुमची खाट पॅसेजमध्येच लावते, मागच्यासारखी," विहीणबाई म्हणाल्या.

"खाट नको. या वेळी मी माझं घर बरोबर घेऊन येणारेय."

इथं बोलणं पुरं झालं होतं. शहाण्या बाईनं इथं फोन ठेवला असता. पण विहीणबाई पलीकडून म्हणाल्या, "म्हणजे तो पत्र्याचा डबा? भाजून निघाल त्यात," आणि टेलरबाईंच्या तोंडून निघून गेलं, "एसी आहे त्यात."

एसी नव्हता. डब्यात तेव्हा साधा पंखासुद्धा नव्हता.

हे वाक्य का निघालं ते कळायला मागची गोष्ट सांगायला हवी. लेकीला सुरुवातीच्या महिन्यांत उलट्यांनी बेजार केलं होतं, तेव्हा टेलरबाई तिच्याकडे राहून आल्या होत्या. घर लहान. एक खोली लेक-जावयाची, एक विहीणबाईंची, आणि मधे न्हाणीघराकडे जाणारा पॅसेज. त्यात घडीची खाट टाकली होती. ज्याला म्हणून न्हाणीघरात जायचं, तो टेलरबाईंना ओलांडून जायचा. तेही एक वेळ चाललं असतं. पण टेलरबाईंची पाळी नुकतीच गेली होती आणि अंगात वेळी-अवेळी भट्टी पेटायची. मानेपासून चढायची, कानांपर्यंत जायची, आणि अंगावरचे कपडे पिळून काढावेत इतका घाम. (ज्या बायकांना हे झालंय त्यांना सांगायला नको, आणि पुरुषांना सांगून उपयोग नाही.) पॅसेजमध्ये डोक्यावर पंखा होता. पण दुपारची भांडी झाली की विहीणबाई यायच्या आणि खटकन तो बंद करायच्या.

"दुपारी पंखा नुसती गरम हवा फेकतो," त्या म्हणायच्या. "आमच्याकडे दुपारी बंदच असतो. आम्हाला सवय आहे."

त्या 'आम्हाला'त आपण बसत नाही, हे टेलरबाईंना बरोबर कळलं होतं. तेव्हाच त्यांनी मनाशी गाठ मारली. लेकीजवळ राहायचं, पण विहिणीच्या पंख्याखाली नाही.

आता डब्याविषयी. डबा हे टेलरबाईंच्या यजमानांचं काम. त्यांना सगळे गळतीवाले म्हणत. उभी नोकरी पाणीपुरवठ्यात झाली. पाइप कुठं गळतोय ते शोधायचं आणि बुजवायचं, एवढंच काम, पण ते त्यांनी असं केलं की लोक त्यांचं नाव विसरले. रिटायर झाल्यावर त्यांना गळती मिळेना. घरातले नळ आवळून झाले. शेजाऱ्यांचे आवळून झाले. मग शेजारी दार उघडेनासे झाले. शेवटी ते फर्निचर पोचवणाऱ्या एका माणसाकडून त्याचा माल वाहायचा जुना ट्रेलर घेऊन आले. चारी बाजूंनी पत्र्यानं बंद, जीपच्या मागं जोडायचा. त्यात त्यांनी समोरासमोर दोन बाकं केली, वर गाद्या टाकल्या, हात धुवायला बेसिन बसवलं, कपाट केलं. बाहेर पत्रा, आत प्लायवूड, मधे फोम.

आणि एकही फट ठेवली नाही. जोड दिसला की सिलिकॉन, खिळा दिसला की सिलिकॉन. छतावर हवेसाठी एक झाकण होतं, तेही चारी कडांनी बंद करून टाकलं.

"अहो, मग हवा कुठून यायची?" टेलरबाईंनी विचारलं होतं.

"दार आहे ना."

मग त्यांनी बाहेरून नळीनं पाणी मारायला एकाला उभं केलं आणि स्वतः आत बसून बॅटरीच्या उजेडात थेंब शोधला. थेंब मिळाला नाही. बाहेर येऊन त्यांनी टेलरबाईंचा हात हातात घेतला. लग्नानंतर असं फारसं झालेलं नव्हतं.

तर फोन ठेवून टेलरबाई अंगणात आल्या.

"अहो, डब्यात एसी बसवायचाय."

"कशाला?"

"मी विहिणीला सांगून बसलेय."

"बसवणार आहे म्हणून, की आहे म्हणून?"

"आहे म्हणून."

गळतीवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. इतक्या वर्षांच्या संसारात ते एवढं शिकले होते की बायको काही सांगून बसली की ते खरं करणं हेच नवऱ्याचं काम.

"मग आहेच समज," ते म्हणाले.

नाक्यावर एक फ्रिजवाला होता. त्याचं अर्धं दुकान फुटपाथवर आणि अर्धं त्याच्या तोंडात. त्यानं खिडकीत बसवायचा एक जुना एसी पुढं केला. संदुकीएवढा, पुढून जाळी, मागून जाळी.

"काकू, एकदम चालू मशीन. हॉटेलातून निघालंय."

"चालू होतं तर हॉटेलवाल्यानं का काढलं?"

"हॉटेल बंद पडलं."

"का?"

"ते मी कसं सांगू? मी एसी बघतो, जेवण नाही बघत." मग तो म्हणाला, "बसवून द्यायला मी आलो असतो, पण सीझन आहे. पंधरवडाभर मान वर करायला फुरसत नाही."

पंधरवडाभर लेक थांबणार नव्हती.

"बसवायला काय लागतं," गळतीवाले म्हणाले. "मी आहे की."

फ्रिजवाल्यानं यावर काहीतरी सांगायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि त्यानं ते तोंड तिकडे वळवलं.

गळतीवाले डब्याचं दार लावून कामाला लागले. टेलरबाई घरात शाळेचे गणवेश शिवत होत्या. ठोकाठोकी ऐकू यायची, पॉलिशचा वास यायचा, मधेच शीळ यायची. काम झाल्यावर त्यांनी टेलरबाईंना बोलावलं. कपाटाचं दार आणि मागची फळी काढून त्या जागी एसी बसवला होता. चारी बाजूंनी लाकडी पट्टी, पट्टीला पॉलिश, कुठं बोटभर फट नाही. दिसायला असा सुरेख की टेलरबाईंना नावं ठेवायला जागाच मिळाली नाही, आणि त्या थोड्या अस्वस्थ झाल्या.

दोघं समोरासमोर बाकांवर बसली. दार लावलं. बटण दाबलं. एसी एकदा खोकला आणि सुरू झाला. टेलरबाईंच्या तोंडावर गार हवा आली.

"बरंय," टेलरबाई म्हणाल्या. (त्यांच्या तोंडून 'बरंय' म्हणजे दुसऱ्या बाईच्या तोंडून हारतुरे.)

थोडा वेळ गेला. टेलरबाईंच्या मानेला ऊब लागली. आली आपली भट्टी, त्यांनी मनात म्हटलं, आणि बोलायचं टाळलं. यजमानांनी एवढं केलंय, कशाला विरजण घाला. ऊब कानापर्यंत गेली. घाम सुटला. कपाळ, गळा, पाठ. त्यांनी दातावर दात ठेवून सोसलं. मग त्यांचं लक्ष समोर गेलं.

"अहो, तुम्हाला का घाम येतोय?"

"मला?" गळतीवाल्यांनी हनुवटीवरून थेंब पुसला. "आनंदाचा असेल."

"माझी भट्टी पेटली तर मला कारण आहे. तुमची कसली पेटली?"

"पुढून गार येतंय की. हात लावून बघ."

"आणि मागून?"

"मागं कोण बसणार आहे?"

टेलरबाईंनी कपाटामागं हात घातला आणि चटकन काढला. मागून नुसता जाळ निघत होता. बेसिनशेजारी ठेवलेली मेणबत्ती वाकून दोघांना नमस्कार करायला लागली होती. टेलरबाई दार उघडून बाहेर येतात तर बाहेरचं रणरणतं ऊन त्यांना थंडगार लागलं. पण गळतीवाले बाहेर आले नाहीत. ते कपाटाखाली वाकून बघत होते. एसीच्या पोटातून एक थेंब पडला. टप. मग दुसरा.

"गळतंय," ते म्हणाले. आवाज ओळखू येईना.

टेलरबाई तशाच तिरमिरीत नाक्यावर गेल्या. फ्रिजवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि आधी पोट धरून हसून घेतलं.

"काकू, एसी थंडी तयार करत नाही. आतली गरमी उचलतो आणि बाहेर टाकतो. त्याचं तोंड आत पाहिजे आणि ढुंगण बाहेर. तुम्ही त्याला अख्खाच आत घेतलात. आतलं पोतं उचलतोय आणि आतच टाकतोय. हमाल मरतोय, पोतं तिथल्या तिथं."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"मला वाटलं, एवढं कुणालाही कळतं."

"मग आता?"

"आता काय. भिंतीला भोक पाडा."

घरी येऊन टेलरबाईंनी ते जसंच्या तसं सांगितलं. गळतीवाले खाली बसले.

"भोक," ते म्हणाले. "माझ्या डब्याला."

"एसीएवढं."

"थोडं लहान नाही चालणार?"

"मांजराएवढं पाडा. मग एसीऐवजी मांजर बसवू."

"अगं, जन्म गेला माझा भोकं बुजवण्यात. त्याच हातानं पाडू?"

"लोकांच्या भिंती फोडून पाइप काढायचात तेव्हा हात कुठं ठेवायचात?"

"ती भोकं आधीची असायची. मी फक्त मोठी करायचो."

त्या दिवशी ते धड जेवले नाहीत. डब्याला कापड मारत बसले, जसं काही आजारी माणसाचं अंग पुसतायत. टेलरबाईंनी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्या म्हणाल्या, जाऊ दे, सांगते विहिणीला की एसी बिघडला. असं म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. पण फोन हातात घेतला तर तोच वाजला. लेकीचा होता.

"आई, येणार ना तू?"

"येते ना. आवाज का असा?"

"झोप नाही गं. कुशीवर वळता येत नाही, घामानं सगळं अंगाला चिकटतं. दुपारी डोळा लागतो न लागतो तोच सासूबाई पंखा बंद करतात." मग लेकीनं आवाज खाली आणला. "तुझ्या डब्यात खरंच एसी आहे?"

टेलरबाईंनी खिडकीतून अंगणातल्या डब्याकडे पाहिलं.

"मला एक दुपार झोपू देशील त्यात? एकच दुपार. मग बाळ आल्यावर कुठली झोप."

"एक कशाला," टेलरबाई म्हणाल्या, "रोज झोप."

फोन ठेवला आणि त्यांनी शिलाईच्या मशीनचा खण उघडला. खाकी कागद काढला, टेप काढला, खडू काढला. विहिणीला दिलेला शब्द फिरवता आला असता. विहिणीचे शब्द दोन्हीकडून फिरतच असतात. लेकीला दिलेला कसा फिरवणार?

हातात कापड आलं की टेलरबाईंना कुणाचं ऐकावं लागत नसे. शाळेत चारच इयत्ता झाल्या, पण मापात कधी चूक नाही. वकिलाचा कोट कापला, बँड वाजवणाऱ्या अख्ख्या ताफ्याचे डगले कापले, एकदाही कापड वाया गेलं नाही. त्यांचा एक नियम होता, आणि हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला त्या तो पट्टी आपटून सांगायच्या. माप घ्यायचं, आणि कापताना चारी बाजूंनी दोन बोटं माया सोडायची. माया म्हणजे शिलाईत दाबायला ठेवलेलं जादा कापड. माया असली तर उद्या माणूस जाड झाला तरी कपडा वाढवता येतो. माया नसली तर शिवण उसवून हातात येते.

त्यांनी एसीला टेप लावला. छाती, कंबर, उंची. (सवय.) कागदावर आखणी केली, कागद कापला, डब्याच्या आतल्या भिंतीला लावून खडूनं रेघा मारल्या. रेघा अशा सरळ की बघत राहावं.

"मशीन द्या," त्या म्हणाल्या.

पत्रा कापायची विजेची करवत गळतीवाल्यांनी त्यांच्या हातात दिली. "मी नाक्यापर्यंत जाऊन येतो," ते म्हणाले. "झालं की हाक मार."

टेलरबाईंनी करवत चालवली. आधी प्लायवूड गेलं, मग फोम, मग पत्रा किंचाळला. शेवटचा कोपरा सुटला आणि तो तुकडा बाहेर पडला. डब्यात पहिल्यांदाच सरळ उजेड आला. मागोमाग वाऱ्याची झुळूक आली आणि टेलरबाईंच्या मानेला लागली. चांगली लागली. पण एसी बसवायचा असताना झुळुकीकडे कोण लक्ष देतंय.

नाक्यावरून गळतीवाले आले. भोकाकडे न बघता ते सिलिकॉनची बंदूक घेऊन बाहेरच्या बाजूला उभे राहिले. ठरलं असं, की टेलरबाईंनी आतून एसी पुढं ढकलायचा, त्याचं ढुंगण बाहेर आलं की त्यांनी कडांनी सिलिकॉन मारायचं. टेलरबाईंनी खांदा लावला.

"आला का?"

"आला, आला."

"अडला की सांगा."

"अडत नाहीये. येतोय छान."

"किती आला?"

"बराच आला. अजून येतोय."

"अहो, धरा मग."

"काय धरू, हातात बंदूक आहे," एवढं ऐकू आलं, आणि टेलरबाईंचा खांदा मोकळा झाला. समोर नुसतं भोक राहिलं. भोकातून आभाळ दिसत होतं.

त्या धावत बाहेर आल्या. भिंतीखाली आधीच्या कामातल्या फोमच्या तुकड्यांचा ढीग होता. त्या ढिगावर गळतीवाले पाय पसरून बसले होते आणि मांडीवर एसी होता. सिलिकॉनची बंदूक त्यांनी शेवटपर्यंत सोडली नव्हती. दाबली गेल्यामुळे शर्टावर खिशापासून खालपर्यंत एक पांढरी रेघ उठली होती.

"लागलं का?"

"एवढी मोठी गळती," गळतीवाले शांतपणे म्हणाले, "मी उभ्या नोकरीत पाहिली नाही."

एसी उचलून त्यांनी बाजूला ठेवला. एक कोपरा चेपला होता, बाकी शाबूत होता. मग गळतीवाल्यांनी टेप मागितला. भोक मोजलं. एसी मोजला. पुन्हा भोक मोजलं. टेलरबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांना अजून खात्री होती की चूक एसीची आहे.

"चारी बाजूंनी दोन-दोन बोटं जास्त आहे," गळतीवाले म्हणाले.

"असणारच. माया सोडलीय."

"कशाला?"

"कशाला म्हणजे काय. माया सोडावीच लागते."

"अगं, माया तुकड्याला सोडतात. भोकाला नाही."

टेलरबाईंनी मान वळवली. बाजूला कापलेला तुकडा पडला होता. पत्रा, फोम, प्लायवूड, कडा सरळ, चारी बाजूंनी दोन बोटं भरपूर माया. सदऱ्याला लावायचा असता तर असा बसला असता की बघणाऱ्यानं शिंप्याचं नाव विचारलं असतं.

"मग आता काय, भोक शिवू?" त्या म्हणाल्या. (सुंभ जळतो, पीळ राहतो.)

पण गळतीवाले ऐकत नव्हते. ते भोकाच्या कडेवरून बोट फिरवत होते. एसी मधे धरला तर त्याच्याभोवती चारी बाजूंनी दोन बोटं फट राहत होती. वर फट, खाली फट, दोन्हीकडे फट. आणि फट म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू तजेला यायला लागला, जसा परीक्षेत येत असलेलाच प्रश्न आल्यावर मुलाच्या येतो.

"तू आत जा, गणवेश शीव," ते म्हणाले. "हे माझ्याकडे लागलं."

त्यांनी लाकडी चौकट केली. चौकटीत एसी बसवला, थोडा बाहेरच्या बाजूला कलता, म्हणजे त्याचं पाणी आत न पडता बाहेर जाईल. फटीत फोम भरला, फोमवर पट्टी, पट्टीवर सिलिकॉन. मग नळीनं पाणी मारून आत थेंब शोधला. नव्हता. मग दोघं पुन्हा समोरासमोर बसली आणि बटण दाबलं. या वेळी मेणबत्ती ताठ उभी राहिली. थोड्या वेळानं टेलरबाईंनी पाय वर घेऊन चादर ओढली.

"माझ्यामुळं फट पडली म्हणून तुम्हाला बुजवायला मिळाली," त्या म्हणाल्या.

"ते आहेच," गळतीवाले म्हणाले. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं, आणि टेलरबाईंना तेच जास्त टोचलं.

दुसऱ्या दिवशी जीपला डबा जोडून दोघं निघाली. वाटेत गळतीवाल्यांनी तीन वेळा गाडी थांबवून मागं जाऊन कडा तपासल्या. लेकीच्या घरापुढं पोचली तेव्हा दुपार डोक्यावर आली होती. विहीणबाई दारातच उभ्या होत्या.

"हेच का ते घर?"

"हेच."

"चाकं आहेत त्याला."

"तुमच्या घराला नाहीत, म्हणून मला यावं लागलं."

लेक भिंतीला धरून बाहेर आली. पाय सुजलेले, डोळे खोल गेलेले. तिनं आईकडे बघितलं, डब्याकडे बघितलं आणि भिंतीतून बाहेर आलेलं एसीचं ढुंगण बघितलं. "खरंच आहे," ती म्हणाली. तेवढ्यानं टेलरबाईंच्या सगळ्या श्रमांचं सोनं झालं. त्यांनी मान ताठ करून विहिणीकडे पाहिलं. आत जाऊन चादरी झटकल्या. लेकीला बाकावर निजवलं. पाठीशी उशी दिली. बाहेर डोकं काढलं.

"अहो, करा चालू."

गळतीवाले वायरचं टोक हातात घेऊन उभे होते.

"कुठं लावू?" ते म्हणाले.

भिंती केल्या होत्या, छत केलं होतं, एसी आणला होता, भोक पाडलं होतं, त्याची फट बुजवली होती. पण घरी डबा अंगणात उभा असायचा आणि वायर सवयीनं स्वयंपाकघरातल्या सॉकेटमध्ये जायची. इथंही स्वयंपाकघर होतं. ते विहीणबाईंचं होतं.

विहीणबाईंनी वायरकडे पाहिलं. मग टेलरबाईंकडे पाहिलं. घाई त्यांना कसलीच नव्हती.

"द्या इकडे," त्या म्हणाल्या. वायर खिडकीतून आत गेली. एसी खोकला, सुरू झाला, आणि घरात कुठंतरी खट झालं. सगळं बंद पडलं.

"आमची लाइन जुनी आहे," आतून विहीणबाईंचा आवाज आला. "एवढं एकदम झेपत नाही तिला. थांबा." भिंतीवरच्या पेटीशी त्यांची खुडबुड चालली. "फ्रिज राहू दे. खोल्यांचे पंखे बंद केले. पॅसेजचा बंद केला. आता लावा."

एसी सुरू झाला आणि सुरूच राहिला. लेक कुशीवर वळली. तिनं एक लांब श्वास सोडला, आणि टेलरबाई चादर सारखी करेपर्यंत ती झोपलीसुद्धा होती. तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशी.

टेलरबाई समोरच्या बाकावर बसून तिच्याकडे बघत राहिल्या. मग दार वाजलं आणि विहीणबाई आत आल्या.

"बघू तरी," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "एवढं काय आहे ते." आणि टेलरबाईंच्या शेजारी टेकल्या.

त्या काहीतरी टोचून बोलणार म्हणून टेलरबाईंनी उत्तरं तयार ठेवली होती. पण विहीणबाई पदरानं वारा घ्यायला लागल्या. टेलरबाईंनी वळून पाहिलं. विहीणबाईंची मान लाल झाली होती. लाली वर चढत होती, कानांपर्यंत. एसीसमोर बसूनही कपाळावर घामाचे मणी उभे होते.

"कधीपासून?" टेलरबाई म्हणाल्या.

"काय कधीपासून?"

"भट्टी."

विहीणबाईंनी झोपलेल्या सुनेकडे पाहिलं. "गेल्या वर्षापासून. कुणाला बोलू नका."

"अहो मग पंखा कशाला बंद करता?"

"ही लग्न होऊन आली त्याच उन्हाळ्यात तिला सांगून बसले, की आम्हाला दुपारी पंखा लागत नाही, आम्हाला सवय आहे. तेव्हा लागत नव्हता. आता कुठल्या तोंडानं लावू?"

टेलरबाईंना यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण सांगून बसलेल्या बाईला काय बोलायचं, ते सांगून बसलेल्याच दुसऱ्या बाईला सुचेना.

"पाच मिनिटं पाठ टेकते," विहीणबाई म्हणाल्या. "मग उठते. पोरीपाशी कुणीतरी हवंच ना."

त्यांनी पाठ टेकली. पाच मिनिटांनी त्या घोरत होत्या. दोन बाकं, दोघी झोपलेल्या, मधे पाय ठेवण्यापुरती जागा. टेलरबाई तिथं थोडा वेळ उभ्या राहिल्या. विहिणीला उठवायचा विचार त्यांच्या मनात आला. पण उठवलं तर लेक जागी होणार, आणि वायर कुणाच्या स्वयंपाकघरात आहे तेही त्यांना आठवलं. त्या बाहेर आल्या आणि दार हळूच ओढून घेतलं.

पॅसेजमध्ये घडीची खाट मांडलेलीच होती. विहीणबाईंनी ती आधीच लावून ठेवली होती. टेलरबाई आडव्या झाल्या. डोक्यावर पंखा निश्चल होता. मानेपाशी ऊब सुरू झाली.

गळतीवाले पाना हातात घेऊन आले. न्हाणीघरातला नळ गळतोय हे त्यांनी हात धुताना हेरलं होतं आणि त्यांचा चेहरा उजळला होता. खाटेपाशी ते थांबले.

"अगं, पंखा तरी लाव."

"आमच्याकडे दुपारी बंदच असतो," टेलरबाई म्हणाल्या. "आम्हाला सवय आहे."

"बरं," गळतीवाले म्हणाले, आणि त्यांना ओलांडून न्हाणीघरात गेले.